आमच्या वर्गातलं विमान

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण विमानात बसलेत? हात वर करा बघू!

माझा हात खालीच आहे. वय पस्तीस झालं, तरी मी अजून एकदाही विमानात बसलेलो नाही. आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. रेल्वेगाडीसुद्धा बीड शहरात आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी! पण गंमत सांगू? छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून बीडपर्यंत मी निदान दोनशे वेळा उडत आलोय. आणि माझ्या सहावी-सातवीच्या पोरांनी तर मोजणंच सोडून दिलंय.

ही सगळी उड्डाणं झाली आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका खोलीत. शिरूर कासार तालुक्यातली डोंगराकडेची वस्ती. खाली फरशी, वर पत्रे, आणि टेबलावर एक संगणक, तीन पडदे. त्या संगणकाने आम्हाला कसं छळलं आणि छळता छळता काय काय शिकवलं, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. आमच्या वस्तीवरून फार उंचावर विमानं जातात. आवाज येत नाही, नुसती पांढरी रेघ उमटते. एकदा मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी त्या रेघेकडे बघत म्हणाली, "सर, तिथून आपली वस्ती दिसत असंल का?"

मी म्हणालो, "दिसत असेल ठिपक्याएवढी."

"मग वळताना? वळताना तर विमान तिरकं होतंय. तवा खिडकीतून नीट दिसंल की!"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी संगणकावर फ्लाइटगिअर नावाचा कार्यक्रम उतरवून घेतला. हा विमान चालवण्याचा सराव देणारा कार्यक्रम, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. १९९७ पासून जगभरातले हौशी लोक मिळून तो लिहितायत आणि सगळ्यांना फुकट देतायत.

सिम्युलेटर म्हणजे काही नुसता खेळ नव्हे बरं का. त्याची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता, पियानो आणि ऑर्गन बनवणारा. ऑर्गनमध्ये हवा भरायला भाते असतात. आपल्या भजनाच्या पेटीला असतो ना, तसेच. लिंकला विमान शिकायचं होतं, पण शिकवणी फार महाग. मग त्याने तेच भाते वापरून लाकडाचं एक छोटं खोटं विमान केलं. दांडा ओढला की भात्यात हवा भरायची आणि विमान जागच्या जागी वर-खाली, डावी-उजवीकडे कलायचं. साल होतं १९२९. त्याच वर्षी आपल्याकडे जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता.

लिंकचं यंत्र लोकांना आधी जत्रेतलं खेळणं वाटलं. पण १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं आणि खराब हवेत, रात्रीच्या अंधारात एकामागून एक अपघात झाले. तेव्हा लष्कराने त्याची सहा यंत्रं विकत घेतली. जमिनीवर चुकलं तर माणूस मरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. आज मोठ्या विमानांचे वैमानिकसुद्धा असल्या यंत्रांवर सराव केल्याशिवाय प्रवासी घेऊन उडत नाहीत.

आता आमच्या खोलीत या. संगणक गावाच्या लोकवर्गणीतून आलेला. चुलतभावाने पुण्याहून त्याच्याकडचं जुनं ग्राफिक्स कार्ड दिलं. एका पडद्यावर विमान छान उडायचं. पण उतरायची वेळ आली की पंचाईत! विमान उतरवताना वैमानिक धावपट्टीला बाजूला ठेवून आधी समांतर जातो, मग डावीकडे वळतो, पुन्हा डावीकडे वळतो आणि मग धावपट्टी समोर येते. म्हणजे निम्मा वेळ धावपट्टी डाव्या खांद्याकडे असते. एका पडद्यावर ती दिसणारच कशी? पोरं अंदाजाने वळायची आणि शेतात उतरायची.

म्हणून मी बीडमधल्या एका बंद पडलेल्या संगणक क्लासमधून दोन जुने पडदे विकत आणले. अठरा-साडेअठरा इंची, शाळेतल्या पडद्यासारखेच. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी विमान सुरू केलं आणि...

विमान बैलगाडीसारखं गचके खात निघालं! दांडा डावीकडे केला तर अर्ध्या सेकंदाने ते डावीकडे कलायचं. तोवर पोरगं आणखी डावीकडे दाबायचं. मग विमान उलटंच!

हे का होतं ते समजून घेऊ. वहीच्या कोपऱ्यावर पानोपानी चित्र काढून पानं भर्रकन सोडली की माणूस पळताना दिसतो, हे तुम्ही केलं असेलच. संगणकसुद्धा तेच करतो. तो सेकंदाला अनेक चित्रं काढतो. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती चित्रं निघाली त्याला फ्रेम रेट. तीस निघाली तर डोळ्यांना बरं वाटतं. आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता ९!

आमच्या एका पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. गुणाकार करा. १०,४९,०८८. तीन पडद्यांचे झाले ३१,४७,२६४. आणि सेकंदाला तीस चित्रं हवी असतील, तर दर सेकंदाला ९ कोटी ४४ लाखांहून जास्त ठिपके रंगवायचे! शिवाय प्रत्येक पडद्याची दिशा वेगळी, म्हणून डोंगर, झाडं, घरं यांचा हिशोबही तीनदा. मी हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग नऊ काढतंय हेच लई झालं की!"

पण मी ऐकणार होतो होय? मला सगळं सुंदर हवं होतं. ढग फुगीर हवेत, झाडं दाट हवीत, सावल्या हव्यात. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा होती. त्या दिवशी पालकांना हे दाखवायचं मी ठरवून टाकलं होतं. रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायचो. एकदम दहा गोष्टी बदलायचो. कधी आकडा १२ व्हायचा, कधी ७. का झाला ते कळायचं नाही. कार्ड देणाऱ्या भावावरसुद्धा मी फोनवर चिडलो. बिचाऱ्याने फुकट दिलं होतं!

पालकसभेची घाई मला का होती, तेही सांगतो. आमच्या भागातले पुष्कळ आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकातसुद्धा टोळ्या जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पोरांपैकी काही आजीपाशी राहतात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात-राहतात आणि शाळा करतात. पण काहींना आईबापांबरोबर जावं लागतं. आई फडात असताना धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी हवं ना. आणि ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा थोरली बहीण असते.

खिडकीतून वस्ती दिसेल का, असं विचारणारी ती मुलगी थोरली बहीण होती. या वर्षी तिला न्यायचं ठरत होतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा गचके मोजत बसलो होतो. ती दारात उभी. म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला विज्ञानात काय सांगता? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग तुम्ही का समदं एकदम बदलताव?"

मित्रांनो, मला लाजल्यासारखं झालं. तिने दप्तरातून एक वही काढली. चार रकाने आखले. तारीख, काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. त्या दिवसापासून त्या वहीत लिहिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असा नियम झाला. माझ्यासाठीसुद्धा.

पहिली नोंद. चित्र लहान केलं, म्हणजे ठिपके निम्मे केले. आकडा ९ वरून जेमतेम १० झाला. ठिपके निम्मे होऊनही वेग वाढत नाही, याचा अर्थ काय? चित्र रंगवणारं कार्ड अडलेलं नाही. त्याला 'आता काय रंगव' हे सांगणारा संगणकाचा मुख्य मेंदू, प्रोसेसर, तोच थकलाय. ही खूण ध्यानात ठेवा. रोग कुठे आहे ते कळलं नाही, तर औषध कुठे लावणार? आम्ही ठिपके पुन्हा होते तेवढे केले.

दुसरी नोंद. आकाशात संगणक आपणहून इतर विमानं उडवतो, ती बंद केली. ९ वरून १२. तिसरी नोंद. झाडं आणि घरं निम्मी केली, नजर चाळीस किलोमीटरपर्यंत जायची ती वीसवर आणली. १६! चौथी, फुगीर ढगांऐवजी साधे ढग. १८.

माझे लाडके ढग गेले. मला वाईट वाटलं. पोरांना काहीच वाटलं नाही. त्यांना उतरायचं होतं, ढग बघायचे नव्हते.

मग एक नवीनच घोळ. सुरुवातीला १८ दिसायचे, पण वीस मिनिटांनी आकडा ११ वर घसरायचा. पत्र्याची खोली, दुपारची वेळ. संगणक फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आम्ही वीज बंद करून, वायर काढून पेटी उघडली. पंख्यावर धुळीची गोधडी बसली होती! पंखा बोटाने धरून ठेवला आणि सायकलच्या पंपाने दुरून फुंकर मारून धूळ उडवली. (हे मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं हं!) आकडा १८ वर टिकला.

अठराच्या पुढे मात्र गाडी सरकेना. चार दिवस गेले. पालकसभेला आठवडा उरला.

त्या मुलीला एक सवय होती. काही बिघडलं की ती टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवायची, जशी वस्तीवर पाण्याची पाइपलाइन कुठे फुटली ते शोधतात तशी. ती टेबलामागे गेली आणि तिन्ही पडद्यांच्या केबली एकेक करून हाताने धरत संगणकापर्यंत गेली. मग तिथूनच ओरडली, "सर, ह्या दोन खालच्या पट्टीत लावल्यात. ही तिसरी वर का?"

मी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. खालची पट्टी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. उजव्या पडद्याची केबल त्याच्या खाचेत बसत नव्हती, कारण उरलेली खाच वेगळ्या आकाराची होती. म्हणून मीच पहिल्या दिवशी ती वर, संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या जोडणीत खुपसून दिली होती! चित्र दिसलं म्हणून खूश झालो होतो. त्या पडद्याचं चित्र कार्ड काढायचं आणि मग ते चित्र उचलून दुसऱ्या जोडणीपर्यंत वाहून न्यावं लागायचं. दर सेकंदाला, पुन्हा पुन्हा.

ती म्हणाली, "म्हंजे दोन घरांना नळ हाय, आन तिसऱ्याला हंड्यानं पाणी."

इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं. तीनशे रुपयांचा एक कन्व्हर्टर बीडहून आणला, केबल खाली लावली. आकडा २४ ते ३६!

तरीही काहीतरी खुपत होतं. आकडा मोठा, पण विमान मधेच पळायचं, मधेच अडखळायचं. वहीची शेवटची नोंद याचीच आहे. पडदे सेकंदाला ६० वेळा नवं चित्र मागतात. संगणक कधी २४ देणार, कधी ३६, तर काही चित्रं पडद्यावर जास्त वेळ राहणार, काही कमी. चालताना एक पाऊल लांब, एक आखूड टाकून बघा, तसंच. आम्ही संगणकाला सांगितलं, बाबा रे, सेकंदाला वीसच दे, पण न चुकता दे. साठ भागिले वीस, बरोबर तीन. प्रत्येक चित्र तेवढाच वेळ राहणार. आकडा कमी झाला आणि विमान लोण्यासारखं चालायला लागलं! जास्त वेगापेक्षा एकसारखा वेग बरा, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिलं होतं क्षितिज. तीन पडद्यांच्या सांध्यावर ते मोडल्यासारखं दिसायचं. पडद्याची रुंदी ४१ सेंटिमीटर, डोळ्यापासून अंतर ६० सेंटिमीटर. कागदावर प्रमाणात आकृती काढली, कंपासातल्या कोनमापकाने कोन मोजला. ३८ अंश. पडद्याच्या चौकटीची जाडी धरून बाजूचे दोन्ही पडदे ४० अंशांत फिरवले आणि कार्यक्रमातही तोच कोन भरला. क्षितिज सरळ! भूमिती कशाला शिकायची, हा प्रश्न नंतर वर्गात कोणी विचारला नाही.

पालकसभेचा दिवस उजाडला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीने खुर्चीत बसून चिकलठाण्याहून उड्डाण केलं. दिशा १६० अंश, म्हणजे दक्षिणेच्या जरा पूर्वेला. बीडपर्यंत सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर, छोट्या विमानाला अर्धा तास. थोड्या वेळाने उजव्या पडद्यावर निळंशार पाणी आलं. तिचे वडील मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "आरं, ही तर जायकवाडी!" नाथसागर होता तो. त्याच्या कडेच्या रस्त्याने ते कैकदा गेलेले. पुढे गोदावरी ओलांडली, गेवराईकडचा भाग आला, मग बालाघाटचे डोंगर दिसू लागले.

वडिलांनी विचारलं, "गुरुजी, आमी ऊस तोडतो तिकडं जाता येईल का?"

आम्ही विमान कोल्हापूरच्या विमानतळावर नेलं आणि उडालो. तिन्ही पडद्यांवर हिरवंगार शिवार. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वरून लई झ्याक दिसतंय, गुरुजी. खाली तेवढं नसतंय."

खोलीत कोणी बोललं नाही.

मी त्यांना भाषण दिलं नाही. ती वही हातात दिली. त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. नऊ, बारा, सोळा, अठरा... बोट ठेवून ते खालपर्यंत गेले. "हे समदं हिनं लिवलं?" मी म्हणालो, "लिहिलंही आणि शोधलंही. माझी चूक तिनेच पकडली." ते तिच्याकडे बघायला लागले. तिने मान खाली घातली.

दोन दिवसांनी ते शाळेत आले. म्हणाले, "सातवी होऊ द्या हिची. बारक्याला आजीपाशीच ठेवतो. ही वसतिगृहात जेवंल. पुढचं पुढं बघू."

मित्रांनो, इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मास्तरने खरं सांगावं. 'नऊ काढतंय हेच लई झालं' म्हणणारा मागच्या बाकावरचा तो पोरगा मात्र गेला. त्याची आजी वारली होती, घरी ठेवायला कोणी नव्हतं, आणि वसतिगृहात राहायला तो तयार झाला नाही. विमानाने त्याला थांबवलं नाही. मी तिकडच्या साखरशाळेची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली, आणि एक कोरी वही दिली, चार रकाने आखून. कधीकधी त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, आता किती पडतंय?" मी सांगतो, "वीस. तुझी खुर्ची रिकामी आहे."

मार्चमध्ये तो परत आला की पहिलं उड्डाण त्याचं, असं वर्गाने ठरवलंय. मुलीने तर त्याच्यासाठी वहीत एक पान सोडून ठेवलंय.

आणि हो, तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर? वळताना विमान तिरकं होतं, तेव्हा डाव्या पडद्यावर आमच्या बाजूचा डोंगर दिसतो. वस्ती मात्र दिसत नाही. फ्लाइटगिअरच्या नकाशात ती अजून कोणी घातलेलीच नाही. पण तो कार्यक्रम कोणालाही सुधारता येतो. सध्या ती मुलगी शाळेचे मोजमाप घेतेय. किती लांब, किती रुंद, पत्र्याचा रंग कोणता, समोर लिंबाची झाडं किती. जमायला वेळ लागेल. चुकाही होतील. वहीत लिहून ठेवू.

तुमच्या शाळेतही एखादा अडून बसलेला संगणक असेल, किंवा पंप, किंवा पेटीचा भाता. दुरुस्त करायला बसाल तेव्हा चार रकाने आखून बसा. आणि केबल कुठून कुठे जाते ते एकदा हाताने धरून बघा. मोठ्या माणसांनी लावलेली असली तरी!